विश्लेषण : मधमाश्यांमध्ये विषाणूची साथ कशी पसरते? भरलेले पोळे अचानक रिकामे का होते?

अमेरिकेतले व्यावसायिक मधपाळ दर वर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या बदामबागांमध्ये पेट्या नेतात. बदामाला फळ धरायचे तर परागीभवनासाठी मधमाशी लागतेच. २०२५ च्या सुरुवातीला मात्र ट्रक भरण्यापूर्वी पेट्या उघडून पाहणाऱ्या अनेकांना आत मध दिसला, मेण दिसले, पण माश्या दिसल्या नाहीत. जून २०२४ ते मार्च २०२५ या काळात तिथल्या व्यावसायिक मधपाळांच्या सरासरी ६२ टक्के वसाहती संपल्या, असे देशव्यापी पाहणीत आढळले. लहान-मोठ्या सगळ्यांचा आकडा धरला तर सुमारे १६ लाख पेट्या गेल्या.

कारणांची चर्चा नेहमीप्रमाणे कीटकनाशके, हवामान आणि मोबाइल टॉवर अशी फिरली. अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी मात्र मेलेल्या आणि मरणपंथाला लागलेल्या वसाहतींचे नमुने तपासले. त्यात पंख वाकडे करणाऱ्या एका विषाणूचे दोन्ही प्रमुख प्रकार आणि पक्षाघात घडवणारा आणखी एक विषाणू प्रचंड प्रमाणात सापडले. सोबत हे विषाणू वाहून नेणारा एक माइट सापडला. या माइटवर सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे अमित्राझ. तपासलेल्या सगळ्या माइटमध्ये त्या औषधाला दाद न देण्याची जनुकीय खूण होती. हे निष्कर्ष जून २०२५ मध्ये जाहीर झाले.

बातमी अमेरिकेची असली तरी तिच्यातला गुंता आपल्याकडच्या मधपेटीलाही लागू आहे. भारतातल्या देशी मधमाशीने याहून मोठा संहार एकदा पाहिलेला आहे. त्या वेळी विषाणू वेगळा होता आणि त्याची वाटही वेगळी होती.

मधमाशीला विषाणूसंसर्ग होतो म्हणजे काय?

जसा आपल्याला होतो तसाच. विषाणू माशीच्या पेशीत शिरतो, तिथली यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढतो आणि पुढच्या पेशीकडे जातो. मधमाश्यांमध्ये आजवर दोन डझनांहून अधिक विषाणू नोंदले गेले आहेत. यातले बहुतेक, कोविडच्या विषाणूसारखेच, आरएनए प्रकारचे आहेत. त्यांची चाचणीही त्या काळात घराघरांत माहीत झालेल्या आरटी-पीसीआर पद्धतीनेच होते.

गंमत अशी की धडधाकट, गुणगुणणाऱ्या, मध भरणाऱ्या पेटीतली मूठभर माश्या घेऊन चाचणी केली, तर त्यातही दोन-तीन विषाणू सापडणे ही सामान्य गोष्ट आहे. माश्या आजारी नसतात. विषाणू असतो, कमी संख्येत असतो आणि गप्प असतो. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात लेस्ली बेली आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मधमाशीतले दोन पक्षाघाती विषाणू पहिल्यांदा वेगळे केले. तीव्र पक्षाघाताचा विषाणू त्यांना प्रयोगशाळेतल्या कामात सापडला. वरून निरोगी दिसणाऱ्या माश्यांच्या अंगातच तो होता.

लक्षणे विषाणूगणिक बदलतात. ‘डिफॉर्म्ड विंग व्हायरस’ म्हणजे डीडब्ल्यूव्ही झालेली माशी कोषातून बाहेर येते तीच चुरगळलेले पंख आणि आखूड पोट घेऊन. तिला उडता येत नाही आणि ती जेमतेम एक-दोन दिवस जगते. दीर्घ पक्षाघाताच्या विषाणूने माश्या थरथरतात. त्यांच्या अंगावरचे केस झडून त्या काळ्या, तेलकट दिसतात आणि दारासमोर ढिगाने मरून पडतात. ‘ब्लॅक क्वीन सेल व्हायरस’मध्ये होऊ घातलेली राणी तिच्या घरातच मरते आणि त्या घराची भिंत काळी पडते. सॅकब्रूड अळीला मारतो, त्याबद्दल पुढे सविस्तर. काश्मीरचे नाव घेऊन फिरणाराही एक विषाणू आहे. १९७०च्या दशकात तो काश्मीरमधून आलेल्या देशी माश्यांच्या नमुन्यात सापडला, म्हणून ‘काश्मीर बी व्हायरस’. पुढे तो कुठल्या कुठल्या खंडांत सापडला, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

विषाणू आधीपासून होता, तर तो मारायला कधी लागला?

उत्तर आहे व्हरोआ. जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा, तांबूस, चपटा, गोचिडीच्या जातकुळीतला माइट. माशीच्या पोटाखाली तो चिकटून बसलेला असतो, त्यामुळे नवख्या डोळ्यांना दिसतही नाही. त्याच्या कुळाची पहिली शास्त्रीय नोंद १९०४ मध्ये जावा बेटावरच्या नमुन्यांवरून झाली. मधमाश्यांवर लिहिणाऱ्या व्हॅरो या प्राचीन रोमन विद्वानाचे नाव त्याला मिळाले. बिचाऱ्या व्हॅरोचा यात काही दोष नाही.

हा माइट मुळात आशियाई मधमाशीचा, म्हणजे आपण जिला सातेरी म्हणतो त्या ‘एपिस सेराना’चा जुना भाडेकरू. हजारो वर्षांच्या सहवासात दोघांनी तडजोड करून घेतली आहे. सातेरीच्या पोळ्यात त्याची वीण जवळपास फक्त नर माश्यांच्या घरांत होते, आणि माश्या एकमेकींच्या अंगावरून त्याला ओढून काढतात. गेल्या शतकात माणसाने जास्त मध देणारी युरोपीय माशी, ‘एपिस मेलिफेरा’, आशियात आणली. दोन्ही माश्यांच्या पेट्या शेजारी-शेजारी आल्या आणि माइटने घर बदलले. मेलिफेराला त्याची सवय नव्हती. तिच्या कामकरी माश्यांच्या घरांतही तो सुखाने वाढू लागला. पुढे पेट्या आणि राण्यांच्या व्यापारातून तो १९८७ मध्ये अमेरिकेत आणि १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचला. जगभर नुकसान करणारी ही जात जुन्या जातीपेक्षा वेगळी आहे, हे २००० साली स्पष्ट झाले. तिचे नाव ठेवले गेले ‘व्हरोआ डिस्ट्रक्टर’.

माइटची मादी अळीच्या घरावर मेणाचे झाकण बसण्याच्या बेतात आत शिरते. झाकण बसले की आत ती, तिची पिल्ले आणि असहाय कोष. कोषाच्या कातडीला भोक पाडून हे कुटुंब त्यावर पोसते. खरा घोळ इथे आहे. विषाणू अन्नातून पोटात गेला तर आतड्याचे अस्तर ओलांडावे लागते आणि संसर्ग व्हायला कोट्यवधी कण लागतात. तोच विषाणू टोचून थेट शरीरात गेला, तर मोजके कण पुरतात. माइट हे टोचण्याचे काम करतो, आणि तेही माशीचे पंख, मेंदू, पोट घडत असतानाच्या नाजूक दिवसांत. एकाच न बदललेल्या सुईने रांगेतल्या सगळ्यांना इंजेक्शन द्यावे, तसा हा प्रकार.

हवाई बेटांवर काय घडले?

‘विषाणू आधी निरुपद्रवी होता आणि माइटने त्याला घातक केले’ असे म्हणणे सोपे आहे. सिद्ध करणे अवघड, कारण बहुतेक देशांत माइट येऊन दशके लोटली होती आणि आधीची स्थिती कुणी मोजून ठेवली नव्हती. हवाईने ही सोय करून दिली. २००७ मध्ये माइट ओआहू बेटावर सापडला, २००८ मध्ये सर्वांत मोठ्या हवाई बेटावर. काउआई आणि माउई ही बेटे तेव्हा स्वच्छ होती. हवामान सारखे, माश्या सारख्या, फक्त मध्ये समुद्र. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत आम्ही एक घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवायला शिकलो. इथे ते काम पॅसिफिकने केले होते.

ब्रिटिश संशोधक स्टीफन मार्टिन आणि सहकाऱ्यांनी या बेटांवरच्या वसाहती तपासल्या आणि २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष दिले. माइट नसलेल्या ठिकाणी साधारण १० टक्के वसाहतींत डीडब्ल्यूव्ही होता. माइट स्थिरावलेल्या ठिकाणी तो जवळपास प्रत्येक वसाहतीत होता. एका माशीच्या अंगातली विषाणूंची संख्या सुमारे दहा लाख पट वाढली होती.

मला यातला तिसरा निष्कर्ष सगळ्यांत धक्कादायक वाटतो. माइट येण्यापूर्वी या विषाणूचे अनेक उपप्रकार सुखाने नांदत होते. माइटनंतर ही विविधता कोसळली आणि एक उपप्रकार जवळपास एकटाच उरला. माइटच्या सुईतून प्रवास करण्यात जो तरबेज, तोच टिकला. त्यामुळे नंतर औषध देऊन माइट कमी केले, तरी विषाणूंची मूळची विविधता लगेच परत येत नाही.

२०१६ मध्ये ‘सायन्स’मध्येच आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने डीडब्ल्यूव्हीचा जगभरातला वंशवृक्ष मांडला. या विषाणूची जागतिक साथ युरोपीय मधमाशीतून उगम पावली आणि माणसाने केलेल्या माश्यांच्या वाहतुकीतून पसरली, असा त्याचा अर्थ होता. माश्या काही स्वतः समुद्र ओलांडून गेल्या नव्हत्या.

ऑस्ट्रेलियात सध्या या कथेचा उलटा भाग चालू आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथे व्हरोआही नव्हता आणि डीडब्ल्यूव्हीही नव्हता. जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदराजवळच्या पाळतीच्या पेट्यांमध्ये माइट सापडला. सरकारने हजारो पेट्या नष्ट केल्या, तरी सप्टेंबर २०२३ मध्ये निर्मूलनाचा नाद सोडावा लागला. आता माइट तिथे राहणार हे नक्की. त्यामुळे तिथल्या शास्त्रज्ञांचा सगळा जोर विषाणूला बाहेर ठेवण्यावर आहे. माइट हा नळ आहे, पण त्यातून काय वाहणार हे टाकीत काय आहे त्यावर ठरते.

पेटीच्या आत विषाणू कसा फिरतो?

माइट नसला तरी विषाणूला वाटा पुष्कळ. मेलिफेराच्या भरलेल्या पेटीत तीस-चाळीस हजार माश्या अंगाला अंग लावून राहतात. बाहेरून मकरंद घेऊन आलेली माशी तो तोंडातून दुसरीच्या तोंडात देते, दुसरी तिसरीला. दाई माश्या आपल्या ग्रंथींतला रस अळ्यांना भरवतात. मेलेली अळी साफ करणारी माशी तोंडानेच साफ करते. हे सगळे विषाणूच्या सोयीचे आहे. राणी दहा-वीस नरांशी हवेत मीलन करते आणि नरांच्या वीर्यात विषाणू सापडलेले आहेत. तिथून ते राणीत आणि राणीतून अंड्यांत जातात. अशा अंड्यातून आलेली माशी अनेकदा निरोगी दिसते, म्हणून ही वाट लक्षात येत नाही.

पण पोळे काही हात बांधून बसत नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म बारकोड चिकटवले आणि कॅमेऱ्याने कोण कुणाला भरवते याची नोंद ठेवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ‘इस्रायली तीव्र पक्षाघात विषाणू’ झालेल्या माश्यांना त्यांच्याच घरातल्या माश्या कमी भरवताना दिसल्या. विलगीकरणच म्हणा. मात्र याच बाधित माश्या परक्या पेटीच्या दारात सोडल्या, तेव्हा तिथल्या पहारेकरी माश्यांनी त्यांना निरोगी परक्या माश्यांपेक्षा जास्त सहज आत घेतले. त्यांच्या अंगावरच्या गंधाचे रसायन बदललेले होते. थोडक्यात, घरात विषाणूची कोंडी होते आणि शेजारच्या दारात त्याला आयता पास मिळतो.

पेट्या दाटीने ठेवल्या की हा पास रोजचा होतो. एकसारख्या रंगाच्या पेट्या सरळ रांगेत असतील तर माश्या घर चुकतात. एखादी वसाहत खंगली की शेजारच्या माश्या तिचा मध लुटायला जातात आणि मधासोबत माइटही घरी आणतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या डेव्हिड पेक आणि थॉमस सीली यांनी पिवळट आणि काळपट अशा दोन रंगांच्या माश्या वापरून हे तपासले. कोसळत्या पेटीतल्या माश्या बाहेर भरकटतात त्यापेक्षा, बाहेरच्या लुटारू माश्या आत येऊन माइट नेतात हा मार्ग मोठा असल्याचे त्यांना २०१९ मध्ये आढळले. मरणारी पेटी आवारात तशीच सोडून देणे किती महाग पडते, ते यावरून कळावे.

फुलांचेही तसेच. आजारी माशी परागकणांना लाळ लावून गोळी करते, तेव्हा विषाणू फुलावर राहतो. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या अभ्यासात मधपेट्यांच्या जवळच्या फुलांवर मधमाशीचे विषाणू मिळाले, पेट्या नसलेल्या ठिकाणी मिळाले नाहीत. पेट्यांजवळच्या रानटी भुंग्यांतही संसर्ग जास्त होता. त्या भुंग्यांना पेटी नाही, मधपाळ नाही आणि औषध देणारेही कुणी नाही.

आणि बदामबागा? देशभरातल्या व्यावसायिक पेट्यांपैकी बहुतांश काही आठवड्यांसाठी एकाच राज्यात, एकाच पिकावर आणायच्या आणि मग पुन्हा सगळीकडे पाठवायच्या. विषाणूसाठी यापेक्षा चांगले जंक्शन असू शकत नाही.

मग आपल्या सातेरीचे काय?

सातेरीला व्हरोआ फारसा बाधत नाही. तिचा शत्रू आहे सॅकब्रूड कुळातला विषाणू, आणि तो माइटशिवायही पसरतो.

सॅकब्रूड हा आजार युरोपीय माशीत शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तिथे तो सहसा येतो, थोड्या अळ्या मारतो आणि हंगाम सुधारला की जातो. आशियाई माशीत मात्र त्याने वेगळेच रूप दाखवले. दक्षिण चीनमध्ये १९७२ मध्ये आणि थायलंडमध्ये १९७६ मध्ये देशी माश्यांच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मेल्या. थायलंडमधल्या नमुन्यांवरून या विषाणूला ‘थाई सॅकब्रूड’ नाव पडले. भारतात तो १९७८ मध्ये मेघालयात दिसला आणि हिमालयाच्या पायथ्याने पश्चिमेकडे सरकत गेला. दक्षिणेत तो १९९१-९२ मध्ये उतरला. केरळ, कर्नाटक आणि तामिळनाडूतल्या पाळीव देशी वसाहतींपैकी ९० टक्क्यांहून अधिक त्यात गेल्या. रबराच्या मळ्यांतून मध काढणारी केरळातली हजारो कुटुंबे एक-दोन हंगामांत रिकाम्या पेट्यांसमोर बसली. त्या राज्यांत मेलिफेरा माशीकडे वळण्याचे हे एक मोठे कारण ठरले.

आजार असा दिसतो : झाकण बसण्याच्या सुमारास अळी शेवटची कात टाकू शकत नाही. कातडी आणि शरीर यांच्यामध्ये पाणी साचते. चिमट्याने उचलली तर ती पाण्याची बारीक पिशवी वाटते. पोळ्यात पाहिले तर अळ्या पाठीवर ताणलेल्या, डोके वर, होडीसारखी टोके उचललेल्या दिसतात. पांढरा रंग पिवळट, मग तपकिरी होतो. वाळलेली अळी घरातून सहज सुटते, वास फारसा येत नाही. जिवाणूंमुळे होणाऱ्या ‘फाउलब्रूड’ आजारात मात्र घाण वास येतो, हा फरक मधपाळाला उपयोगी पडतो.

ही पिशवी फोडून साफ करणारी दाई माशी हाच या विषाणूचा रस्ता. एका मेलेल्या अळीत हजारो अळ्यांना पुरेल इतका विषाणू असतो. साफसफाईनंतर तो दाईच्या ग्रंथींत पोहोचतो, म्हणजे ती पुढच्या अळीला जे भरवते त्यातच मिसळतो. निसर्गाने इथे एक ब्रेक ठेवला आहे. बेली यांच्या निरीक्षणानुसार बाधित दाई लवकरच परागकण खाणे आणि अळ्यांना भरवणे सोडते आणि वयाच्या आधीच बाहेरच्या कामाला लागते. पेटीत माश्या भरपूर आणि बाहेर फुलोरा असेल तर तिची जागा दुसरी दाई घेते, साखळी तुटते. पाऊस लांबला, चारा नाही, माश्या कमी, अशा वेळी दुसरी दाई आणायची कुठून? त्यामुळे तीच साखळी घट्ट होते.

सातेरीचा एक स्वभावही आड येतो. त्रास झाला की ती घर सोडून उडून जाते. रोगट पेटी सोडून गेलेला थवा झाडाच्या ढोलीत किंवा दुसऱ्याच्या रिकाम्या पेटीत बसतो आणि विषाणूही सोबत नेतो. मागे राहिलेल्या पोळ्यावर शेजारच्या माश्या मधासाठी तुटून पडतात.

दक्षिण कोरियात २००९ नंतर हीच साथ आली आणि तिथल्या देशी माश्यांच्या बहुसंख्य वसाहती संपल्या. तिथल्या सरकारी संशोधन यंत्रणेने तग धरलेल्या वसाहती निवडून, संकर करून रोगाला तोंड देणारे वाण तयार केले. केरळातही सावरण्याचा रस्ता तोच होता. साथीतून वाचलेल्या वसाहतींपासूनच पुढची पैदास झाली.

यावर औषध आहे का?

विषाणूवर नाही. प्रतिजैविके इथे निरुपयोगी आहेत. ती जिवाणूंवर चालतात, आणि उगाच दिली तर मधात उतरतात ते वेगळेच. २०२३ च्या जानेवारीत ‘मधमाश्यांसाठी पहिली लस’ ही बातमी सगळीकडे फिरली होती. ती लस ‘अमेरिकन फाउलब्रूड’ या जिवाणूजन्य आजारावरची होती, विषाणूवरची नव्हती.

प्रयोगशाळांत मात्र रंजक काम चालू आहे. विषाणूच्या जनुकीय साखळीशी जुळणारा दुहेरी आरएनए माशीच्या शरीरात गेला, तर माशीची स्वतःची यंत्रणा त्या विषाणूला ओळखून तोडते. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी माशीच्या आतड्यात नेहमी राहणाऱ्या एका जिवाणूत बदल करून त्यालाच हा आरएनए बनवायला लावले. २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या या प्रयोगात डीडब्ल्यूव्ही टोचलेल्या माश्या जास्त जगल्या आणि अशा माश्यांवरचे माइट जास्त मेले. हे सगळे प्रयोगशाळेतले. जनुकीय बदल केलेला जिवाणू शेतात मोकळा सोडायचा का, हा प्रश्न पुढे आहेच.

तोवर हाती काय? मेलिफेरा पाळणाऱ्यांसाठी माइट मोजणे आणि तो मर्यादेत ठेवणे हीच विषाणूनियंत्रणाची मुख्य पद्धत. फॉर्मिक आम्ल, ऑक्झॅलिक आम्ल, थायमॉल आणि रासायनिक पट्ट्या आलटून-पालटून वापरायच्या असतात. एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्यावर काय होते, ते अमित्राझने दाखवलेच. सातेरीच्या थाई सॅकब्रूडमध्ये उपाय बिनऔषधी आहे : राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणे थांबवायचे. नव्या अळ्या नाहीत म्हणजे विषाणूला घर नाही. त्या काळात माश्या जुनी घाण साफ करतात. जमल्यास राणी बदलायची, आणि ती रोगातून तगलेल्या वसाहतीची घ्यायची. रोगट पोळी जाळायची. साखरपाणी द्यायचे, पण अनोळखी मध खाऊ घालायचा नाही, कारण त्यात विषाणू असू शकतो. वाचकांचा हमखास प्रश्न असतो म्हणून सांगायला हवे, हे कीटकांचे विषाणू आहेत. असा मध खाल्ल्याने माणसाला हा आजार होत नाही.

महाराष्ट्रात याचा संबंध कुठे येतो?

महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघर गावाला २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून ओळख मिळाली. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. सह्याद्रीतला पाळीव व्यवसाय प्रामुख्याने सातेरीवर उभा आहे. दुसरीकडे डाळिंब, कांदा बीजोत्पादन, सूर्यफूल अशा पिकांसाठी शेतकरी परागीभवनाच्या पेट्या भाड्याने आणतात आणि त्या बहुधा मेलिफेराच्या असतात. मोहरीच्या हंगामात उत्तरेत, मग दुसऱ्या पिकासाठी दुसऱ्या राज्यात असा या पेट्यांचा प्रवास चालतो. उत्तर भारतातल्या मेलिफेरा वसाहतींना व्हरोआचा मोठा फटका याआधी बसलेला आहे. बदामबागेचे जंक्शन आपल्याकडे छोट्या आकारात तयार होत आहे, एवढेच.

भाड्याने पेटी घेताना शेतकरी सहसा पेट्या मोजतो आणि दर ठरवतो. झाकण उघडायला सांगणे हा त्याचा हक्क आहे. दारासमोर न उडता रांगणाऱ्या माश्या, चुरगळलेले पंख, थरथर, पोळ्यात मध्ये-मध्ये रिकामी किंवा भोक पडलेली झाकणे, पाठीवर ताणलेल्या पिवळट अळ्या यांतले काहीही दिसले तर ती पेटी शेतात उतरवू नये. आधीच पेट्या असतील तर नव्या पेट्या लांब ठेवाव्यात, चौकटींची अदलाबदल टाळावी, चिमटे-सुऱ्या प्रत्येक पेटीनंतर धुवाव्यात. पेट्यांना वेगवेगळे रंग द्यावेत आणि दारे वेगवेगळ्या दिशांना करावीत, म्हणजे माश्या घर चुकत नाहीत. रोगाची शंका आली तर नमुना देण्यापूर्वी पेटी हलवू नये, विकू तर मुळीच नये.

रानातल्या सातेरीसाठी यातले काहीच करता येत नाही. डोंगरातल्या ढोलीत बसलेल्या पोळ्याला थाई सॅकब्रूड झाला, तर ते मोजायला तिथे कुणी नसते. ते पोळे आणि गावातली पेटी यांच्यामध्ये एकाच कारवीचे, एकाच जांभळाचे फूल असते.